उन्हा-वाऱ्याची वीज आणि देशाचं ग्रिड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हावर आणि वाऱ्यावर वीज बनते हे आता कुणाला सांगावं लागत नाही. ती देशभराच्या ग्रिडमध्ये, म्हणजे वीज केंद्रं आणि घरं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात, सामावून घ्यायला काय काय करावं लागतं, हे मात्र बरेच जण विचारतात. मी ग्रिडच्या कंट्रोल रूममध्ये काही वर्षं पाळ्या केल्या आहेत. तिथं जे पाहिलं आणि नंतर जे वाचत, तपासत आलो, त्यावरून ही उत्तरं लिहिली आहेत. प्रश्न लोक ज्या शब्दांत विचारतात त्याच शब्दांत ठेवले आहेत.

ढग आला की सौर प्लांटची वीज पडते. मग घरातला दिवा मिणमिणत का नाही?

तुमच्या दिव्याला एकाच प्लांटची वीज येत नसते म्हणून. एका पॅनलवर ढगाची सावली आली तर त्याचं उत्पादन काही सेकंदांत निम्म्याखाली येतं. मोठ्या प्लांटवरून तीच सावली सरकायला काही मिनिटं लागतात. शेकडो किलोमीटरवर पसरलेल्या हजारो प्लांटची बेरीज केली, तर एकीकडची घट दुसरीकडच्या वाढीत जिरून जाते.

पवनचक्की एकेकटी पाहिली तर याहून लहरी. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सेकंदाला १२ मीटरचा वारा ६ मीटरवर आला की शक्ती आठव्या हिश्शावर येते. पण साऱ्या देशातला वारा एकाच मिनिटाला पडत नाही. सूर्य मात्र मावळतो तो थोड्या फरकानं सगळीकडे. त्यामुळे ग्रिड चालवणाऱ्याला ढगांची धास्ती कमी आणि संध्याकाळची जास्त असते.

मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळतोय हे कळतं कसं?

फ्रिक्वेन्सीवरून, म्हणजे वीज सेकंदाला जितकी आवर्तनं घेते त्या आकड्यावरून. तारांमध्ये वीज साठून राहत नाही, ज्या क्षणी जेवढी लागते तेवढी त्याच क्षणी बनवावी लागते. मागणी वाढली की ग्रिडला जोडलेली सगळी जनित्रं किंचित मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी उतरते. मागणी घटली की चढते. बहुतेक देशांत ती ५० हर्ट्झवर धरून ठेवायची असते, उत्तर अमेरिकेत ६० वर.

कंट्रोल रूमच्या भिंतीवर हा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. नवा माणूस समोरच्या स्क्रीनवरचे आलेख बघत बसतो. जुना माणूस फोनवर बोलता बोलता भिंतीकडे बघतो. ४९.९७, ४९.९६, ४९.९८ अशी दुसऱ्या दशांशातली हालचाल रोजचीच. एका रात्रपाळीत तो आकडा तीन-चार सेकंदांत सरळ खाली गेलेला मी पाहिला. कुठला तरी मोठा संच ट्रिप झाला होता, म्हणजे आपोआप ग्रिडपासून तुटला होता. कुणी काही बोलायच्या आत तो घसरायचा थांबला, कारण दूरदूरच्या संचांच्या गव्हर्नरनी, म्हणजे गती सांभाळणाऱ्या यंत्रणांनी, वाफेच्या नि पाण्याच्या झडपा आपोआप उघडल्या होत्या. कोणता संच गेला हे विचारायला आम्ही पहिला फोन लावला, तोवर अर्धं मिनिट उलटलं होतं. पुढची बरीच उत्तरं या अर्ध्या मिनिटाभोवती फिरणार आहेत.

'इनर्शिया' हा शब्द सारखा ऐकू येतो. तो काय आहे?

कोळसा, अणू, पाणी यांवर चालणाऱ्या जनित्रात कित्येक टनांचा रोटर फिरत असतो. ५० हर्ट्झच्या ग्रिडमध्ये औष्णिक संचाचा रोटर साधारणपणे मिनिटाला ३००० फेरे घेतो. एखादा संच अचानक गेला की बाकीचे रोटर आपल्या गतीतली थोडी ऊर्जा आपसूक देऊन टाकतात. त्यानं फ्रिक्वेन्सीची घसरण मंदावते आणि गव्हर्नरला झडप उघडायला वेळ मिळतो. ही मदत कुणी मागावी लागत नाही, फिरत्या वजनाचा तो स्वभाव आहे.

सौर पॅनलमध्ये फिरणारं काही नाही; त्याची वीज ग्रिडजोगी करून देतो तो इन्व्हर्टर, एक इलेक्ट्रॉनिक यंत्र. आजच्या बहुतेक पवनचक्क्या फिरतात, पण त्यांच्यात आणि ग्रिडमध्ये इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर असतो, त्यामुळे पात्यांची गती ग्रिडला थेट जाणवत नाही. इन्व्हर्टरमार्गे येणाऱ्या विजेचा वाटा वाढत गेला की फ्रिक्वेन्सी जास्त वेगानं घसरू लागते.

आयर्लंडच्या ग्रिडचालकांनी यावर घाई न करता वाट काढली. इन्व्हर्टर आणि डीसी (एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेच्या) केबलमार्गे येणारी वीज कोणत्याही क्षणी मागणीच्या ५० टक्क्यांपुढे जाऊ द्यायची नाही, असं त्यांनी आधी ठरवलं. मग एकेक पायरी चढायची, काही महिने पाहायचं, पुन्हा चढायची. असं करत २०२२ पर्यंत ते ७५ टक्क्यांवर पोहोचले. दक्षिण ऑस्ट्रेलियानं २०२१ मध्ये चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले. ही इंधन न जाळता ग्रिडवर नुसती फिरत राहणारी मोठी यंत्रं असतात. त्यांचं काम म्हणजे वजन आणि व्होल्टेज यांचा आधार देणं. तिसरा मार्ग नव्या धाटणीच्या इन्व्हर्टरचा. जुना इन्व्हर्टर ग्रिडची लय ऐकून तिच्यामागे चालतो, नवा स्वतः लय धरतो. माझ्या मते पुढच्या काळाचं सगळ्यात महत्त्वाचं तंत्र हेच आहे.

मग खरा धोका इनर्शिया कमी होण्याचाच ना?

तो आहे, पण आजवरच्या मोठ्या घटना नीट वाचल्या की दुसरंच काही पुन्हा पुन्हा पुढे येतं. कुठल्या तरी सेटिंगचा एक आकडा, जो कुणी वेळेत तपासला नव्हता. या प्रश्नाला मी मुद्दाम जास्त जागा देतो आहे.

जर्मनीत छतावरची सौर यंत्रणा अगदी थोडी होती तेव्हा नियम होता, की फ्रिक्वेन्सी ५०.२ हर्ट्झला गेली की इन्व्हर्टरनं ग्रिड सोडायचं. थोडक्या यंत्रांसाठी तो ठीक होता. मग छतं भरत गेली आणि हजारो मेगावॉट याच एका आकड्याला बांधले गेले. भर उन्हात फ्रिक्वेन्सी ५०.२ ला टेकली असती, तर ते सगळे एका क्षणात बाहेर पडले असते. युरोप खंडाच्या जोडलेल्या ग्रिडची तातडीची राखीव शक्ती ३००० मेगावॉटची, आणि जाणारी वीज त्याहून कितीतरी जास्त. सुदैवानं अपघाताच्या आधीच हे लक्षात आलं. २०१२ मध्ये नियम करून सुमारे ३ लाख १५ हजार प्रकल्पांची सेटिंग बदलायला घेतली. नवे इन्व्हर्टर एकदम तुटत नाहीत, फ्रिक्वेन्सी चढेल तसं उत्पादन उतरवत नेतात.

कॅलिफोर्नियात १६ ऑगस्ट २०१६ ला वणवा उच्चदाब वाहिन्यांपर्यंत पोहोचला आणि वाहिनीवर दोष (शॉर्टसर्किट) आला. असे दोष ग्रिडवर येतच असतात, क्षणाच्या काही अंशांत दूर होतात. पण सुमारे १२०० मेगावॉट सौर उत्पादन त्यात गेलं. दोषाच्या क्षणी विजेची लाट वेडीवाकडी झाली होती, ती मोजताना पुष्कळ इन्व्हर्टरनी फ्रिक्वेन्सी फार पडली असा चुकीचा निष्कर्ष काढला आणि लगेच ट्रिप झाले. खरी फ्रिक्वेन्सी जेमतेम हलली होती! मोजायला थोडा वेळ घे आणि मग ठरव, एवढंच त्यांना शिकवावं लागलं.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळानं पारेषणाचे मनोरे आडवे केले. दोन मिनिटांच्या आत व्होल्टेज सहा वेळा बुडालं. काही पवन प्रकल्पांत अशी सेटिंग होती, की ठरावीक वेळेत ठरावीक इतके धक्के सोसायचे आणि मग उत्पादन आवरतं घ्यायचं. ग्रिड चालवणाऱ्या संस्थेला ही सेटिंग ठाऊकच नव्हती. सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॉट गेले, शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर सगळा भार पडला, तीही ट्रिप झाली आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. त्यानंतर सेटिंग बदलली, आणि त्याच पवनचक्क्या पुढे असे धक्के सोसत राहिल्या.

तिन्ही ठिकाणी ऊन-वारा भरपूर होता, नडली ती सेटिंग. म्हणून कुणी विचारलं, की या कामात आधी काय करावं, तर मी म्हणतो: जोडणीचे नियम कडक करा आणि प्रत्येक इन्व्हर्टरची सेटिंग काय आहे याची नोंद ठेवा. या कामाचा गाजावाजा होत नाही, उद्घाटन होत नाही. पण उद्या जोडले जाणारे इन्व्हर्टर पुढची वीस वर्षं तिथंच असणार आहेत.

स्पेनचा २०२५ चा ब्लॅकआउट सौरऊर्जेमुळेच झाला ना?

२८ एप्रिल २०२५ ला दुपारी १२:३३ ला स्पेन आणि पोर्तुगालचं ग्रिड कोसळलं. त्या वेळी सौर उत्पादन भरपूर होतं, म्हणून हा प्रश्न येतो. चौकशीत कारण निघालं ते व्होल्टेज चढत जाण्याचं. इनर्शियाच्या कमतरतेनं हे सुरू झालेलं नव्हतं.

व्होल्टेज आवरायला रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज वर-खाली करणारी शक्ती) शोषून घ्यावी लागते. स्पेनच्या सरकारी अहवालानुसार ज्या पारंपरिक संचांनी हे काम करायचं होतं ते अपेक्षेइतकं शोषत नव्हते. सौर आणि पवन प्रकल्पांना तिथल्या नियमांनी या कामात घेतलंच नव्हतं, जरी त्यांचे इन्व्हर्टर ते करू शकतात. व्होल्टेज चढलं, काही प्रकल्प ट्रिप झाले, त्यानं व्होल्टेज आणखी चढलं, आणखी प्रकल्प गेले. पुढे स्पेननं या प्रकल्पांनाही व्होल्टेज नियंत्रणात घेण्याचे नियम केले. सौरऊर्जा तिथं होती हे खरं, पण तिला हात बांधून उभं केलं होतं हेही खरं.

संध्याकाळीच एवढी ओढाताण का होते?

मागणीतून उन्हा-वाऱ्याची वीज वजा केली की उरते ती निव्वळ मागणी. बाकीच्या संचांना पेलायची असते ती हीच. दुपारी ती खोल बसते; सूर्य कलला की सौर उत्पादन उतरू लागतं आणि त्याच वेळी घराघरांत दिवे लागतात. दोन्ही मिळून निव्वळ मागणी दोन-तीन तासांत कड्यासारखी चढते. कॅलिफोर्नियाच्या ग्रिडचालकांनी २०१३ मध्ये हा आलेख काढला तेव्हा तो बदकासारखा दिसला, म्हणून त्याला 'डक कर्व्ह' हे नाव पडलं. बदकाच्या मानेवर चढायला जे संच लागतात ते दुपारी पोटाशी असताना बंद करून चालत नाही, आणि पूर्ण चालवूनही चालत नाही. सगळी कसरत इथे आहे.

कोळशाचा संच हवा तसा वर-खाली करता येत नाही का?

येतो, पण नाखुशीनं. आच फार कमी केली की बॉयलरमधली ज्योत डगमगते. तापमान सारखं बदललं की जाड भिंतींचे पाइप आणि टर्बाइनचे भाग फुगतात, आकसतात आणि त्यांना सूक्ष्म चिरा पडतात. तरी डेन्मार्कनं आपले कोळशाचे संच पूर्ण क्षमतेच्या २०-३० टक्क्यांपर्यंत उतरवून चालवण्याची सवय लावली. बर्नर, नियंत्रण यंत्रणा आणि माणसांचं प्रशिक्षण, तिन्हीत बदल करावे लागले. कमी चालण्याचे पैसे मिळतील अशी सोयही करावी लागते, नाहीतर संचाचा मालक का उतरवेल?

पाणी मात्र या कामात राजा आहे. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवायचे होते. १२ ते १४ हजार मेगावॉटची घट होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात भारताच्या ग्रिडवरची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटनं उतरली आणि लगेच परतही आली. जलविद्युत संचांनी १७ हजार मेगावॉटहून जास्त उत्पादन काही मिनिटांत खाली आणलं आणि पुन्हा वर नेलं. ग्रिड तगलं. तिथे मागणी हलली होती आणि इथे पुरवठा हलतो, पण कंट्रोल रूममधल्या माणसाला दोन्ही सारखंच. त्या रात्रीनं दाखवलं, की वेळीच सांगितलेलं असेल आणि चपळ संच हाताशी असतील तर केवढा मोठा चढ-उतार पेलता येतो.

अंदाजावर विसंबता येतं का?

बऱ्यापैकी. दुसऱ्या दिवसाचा अंदाज चुकू शकतो, पुढच्या तासाचा फारसा चुकत नाही. म्हणून वीज खरेदी-विक्रीचं शेड्यूल जितकं आयत्या वेळी बदलू देता येईल तितकी राखीव वीज कमी लागते. आदल्या दिवशी ठरलेलं शेड्यूल बदलायचंच नाही असा नियम असेल, तर चांगला अंदाजही फुकट जातो. युरोपात २० मार्च २०१५ ला सूर्यग्रहण सकाळच्या उन्हात आलं. वेळ सेकंदापर्यंत माहीत होती, अनेक महिने आधी तयारी झाली होती, आणि ग्रिडला काही झालं नाही.

बॅटरी बसवल्या की प्रश्न मिटेल?

कोणता प्रश्न, त्यावर आहे. साठवणुकीचे दोन आकडे असतात आणि बातम्यांत बहुधा एकच येतो. मेगावॉट म्हणजे नळ केवढा, मेगावॉट-तास म्हणजे टाकी केवढी. दक्षिण ऑस्ट्रेलियातली हॉर्न्सडेलची बॅटरी १ डिसेंबर २०१७ ला सुरू झाली तेव्हा जगातली सगळ्यात मोठी लिथियम बॅटरी होती: १०० मेगावॉट, १२९ मेगावॉट-तास. म्हणजे पूर्ण जोरानं सोडली तर सव्वा तासात रिकामी. पण सेकंदाच्या अंशात धावून येणं हे तिचं बळ आहे, आणि वर सांगितलेल्या त्या अर्ध्या मिनिटात तिच्यासारखं काही नाही. चार तास चालणाऱ्या बॅटऱ्या आता संध्याकाळचा चढही बऱ्यापैकी उचलतात.

पंप्ड स्टोरेजमध्ये दोन जलाशय लागतात, एक वर आणि एक खाली. वीज जास्त असताना पाणी वर चढवायचं, टंचाईच्या वेळी खाली सोडायचं. या फेऱ्यात वीस-पंचवीस टक्के वीज खर्ची पडते, बांधायला वर्षं लागतात, पण एकदा झालं की पिढ्यान्पिढ्या चालतं. वेल्समधलं डिनॉर्विग १९८४ पासून डोंगराच्या पोटात उभं आहे. टर्बाइन हवेत फिरत ठेवलेली असतील तर सुमारे १७०० मेगावॉटची पूर्ण शक्ती १६ सेकंदांत हजर होते.

आठवडाभर ना ऊन, ना वारा असं झालं तर?

होतं असं. उत्तर युरोपच्या हिवाळ्यात इतक्यांदा होतं की जर्मन भाषेत त्याला 'डुंकेलफ्लाउटे' असा शब्द आहे, अंधार आणि निवांत वारा एकत्र. चार तासांची बॅटरी इथे कामाची नाही. डेन्मार्कची वर्षातली निम्म्याहून जास्त वीज उन्हा-वाऱ्याची आहे, आणि त्यांना हे जमतं त्यात नॉर्वेच्या जलाशयांशी १९७० च्या दशकापासून समुद्राखालून जोडलेल्या केबलचा मोठा वाटा आहे. वारा सुटला की वीज नॉर्वेला जाते आणि तिथलं पाणी वाचतं; वारा पडला की ते पाणी वीज होऊन परत येतं. ज्यांना असा शेजारी नाही त्यांना वर्षातून थोडेच दिवस चालणारे गॅसचे संच सांभाळावे लागतात, आणि न चालताही तयार राहण्याचे पैसे द्यावे लागतात. हा खर्च लपवून ठेवणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. हायड्रोजनसारखे पर्याय यासाठीच तपासले जात आहेत, पण त्यात वीज साठवून परत काढताना निम्म्याहून जास्त हातून जाते.

तयार झालेली वीज वापरत नाहीत, सोडून देतात. हा गुन्हा नाही का?

थोडी सोडली तर नाही. वर्षातल्या मोजक्या तासांच्या कळसासाठी वाहिनी दुप्पट जाडीची बांधण्यापेक्षा त्या तासांत थोडं उत्पादन आवरणं स्वस्त पडतं. जास्त सोडावी लागत असेल तर नियोजन चुकलं. चीनच्या गान्सू प्रांतात २०१६ मध्ये वाऱ्याची सुमारे ४३ टक्के वीज अशी वाया गेली: पवनचक्क्या आधी उभ्या राहिल्या, वाहिन्या मागे पडल्या.

वाहिन्यांना इतका वेळ का लागतो?

सौर प्लांट दीड-दोन वर्षांत उभा राहतो, तो एका कुंपणात मावतो. वाहिनी शेकडो किलोमीटर जाते आणि वाटेतला प्रत्येक जमीनमालक, जंगल, रस्ता, नदी यांची परवानगी वेगळी. जर्मनीची उत्तरेकडचा वारा दक्षिणेकडे नेणारी सुमारे ७०० किलोमीटरची 'झ्युडलिंक' २०२२ पर्यंत व्हायची होती. लोकांच्या विरोधानंतर ती जमिनीखालून न्यायचं ठरलं आणि मुदत २०२८ वर गेली. टेक्सासनं उलट क्रम लावला. जिथे वारा चांगला आहे ते पट्टे आधी ठरवले, पवनचक्क्यांची वाट न पाहता तिथवर सुमारे ३६०० मैल वाहिन्या टाकल्या, काम २०१४ च्या सुमारास संपलं, आणि पवनचक्क्या मागून आल्या. मला हाच क्रम योग्य वाटतो.

छतावर सौर पॅनल आहेत, तरी लाइट गेली की घर अंधारात. असं का?

वायरमनसाठी. खांबावर चढलेला माणूस लाइन बंद आहे असं समजून हात लावतो. त्या वेळी तुमच्या छतावरून तिच्यात वीज येत असेल तर त्याचा जीव जाईल. म्हणून ग्रिड गेलं की इन्व्हर्टर बंद व्हायलाच हवा. बॅटरी आणि ग्रिडपासून घर वेगळं करणारा स्विच असेल तरच घरापुरती वीज चालू ठेवता येते.

सगळं ग्रिडच बंद पडलं, तर उन्हा-वाऱ्यावर ते पुन्हा उठवता येईल?

आजवर हे काम बहुतेक जलविद्युत केंद्रांचं आणि डिझेल किंवा गॅसच्या छोट्या संचांचं होतं. मोठ्या औष्णिक केंद्राला स्वतःचे पंप आणि पंखे सुरू करायलाही बाहेरून वीज लागते. कुणीतरी शून्यातून सुरुवात करायची, एक वाहिनी जिवंत करायची, तिच्यावर थोडा लोड घ्यायचा, मग शेजारच्या केंद्राला वीज पोहोचवायची. नेहमीचा इन्व्हर्टर यात निरुपयोगी, कारण त्याला मागे चालायला लय हवी आणि इथे ती नसतेच.

लय धरणाऱ्या इन्व्हर्टरनी हे बदलायला सुरुवात केली आहे. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रो इथे बॅटरीच्या बळावर बंद गॅस टर्बाइन सुरू करून दाखवलं. २०२० मध्ये स्कॉटलंडच्या डर्सालॉक या ६९ मेगावॉटच्या पवन प्रकल्पानं ग्रिडचा एक मृत तुकडा बाहेरच्या विजेशिवाय जिवंत केला. त्या चाचणीत व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही पवनचक्क्यांनीच धरून ठेवली होती.